आठ शेजारी

सावद्याच्या धर्मकाट्यावर, पत्र्याच्या केबिनीत,
लीलाधरकाकाचा जुना संगणक
दिवसा केळीचं वजन सांगायचा
आणि रात्री, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात,
राखाडी चौकोनांचं शेत मांडायचा.

मी दहावीच्या सुट्टीत पावत्या फाडायला होते.
मे महिना. कूलरमध्ये पाणी नाही.
स्क्रीनच्या काचेवर चिलटं.
"आधी कुठीबी दाब," काका म्हणाला,
"पहिल्या डावाले कोनी मरत नाही."
दाबलं. एक कोपरा उलगडत गेला,
बारं फोडल्यावर सरीतून पाणी पळतं तसा,
आणि आकड्यांच्या बांधाशी थांबला.

एक. एक. दोन. एक.

"आता ऐक. आकडा सोताचं काहीच सांगत नाही.
भोवती आठ घरं. वर तीन, खाली तीन,
डावं-उजवं एकेक.
त्याच्यात सुरुंग किती, तेवढंच त्याले ठाऊक.
कुठी, ते नाही."
म्हणजे आमच्या गल्लीतल्या सिंधूमावशीच्या उलट, मी म्हटलं.
तिला कुठे ते पक्कं ठाऊक असतं,
किती ते ती वाढवून सांगते.

कोपऱ्यातल्याला शेजारी तीनच, कडेच्याला पाच.
म्हणून कडेकडेने चाल.
एकाच्या अंगाला एकच झाकलेलं घर उरलं
तर सुरुंग तिथेच. उजवं बटण, झेंडा रोव.
झेंडा लागला की त्या एकाचं देणं फिटलं,
त्याचे बाकीचे शेजारी निर्धास्त उघड.
दोनाचं भागलं का? नाही? मग थांब.
सरळ भिंतीला एक-दोन-एक लागलं
तर सुरुंग दोन्ही एकांच्या समोर,
दोनाच्या समोरची जागा मोकळी.
का, म्हणून विचारलं
तर रद्द पावतीच्या पाठीवर काढून दाखवलं,
दोनदा. तिसऱ्यांदा मी त्याला काढून दाखवलं.

हॉर्न वाजला. दिल्लीचा माल.
काट्यावर ट्रक चढला की केबिनीची जमीन जरा श्वास घेते.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करत काका म्हणाला,
"केयी मोजल्या का कोनी? एकबी नाही.
तरी आकडा निघाला ना."

त्याचा थोरला भाऊ वरणगावच्या कारखान्यात होता,
काडतुसांच्या खात्यात.
एकदा आला, बराच वेळ स्क्रीन पाहत राहिला,
चहावर साय धरली,
मग एवढंच म्हणाला,
"याच्यात हासरा चेहरा कशाले बसवला रे भो?"

शेवटी कधी कधी कोपऱ्यात दोन घरं उरतात.
वर डावीकडे पाहायचं, सुरुंग किती बाकी: एक.
भोवतीचे सगळे आकडे दोन्हीकडून जुळतात.
"इथी अक्कल सरली," काका म्हणायचा
आणि डाव तसाच बंद करायचा.
त्या अर्ध्या डावांची त्याला कधी चुटपुट लागलेली
मी पाहिली नाही.
मी दाबायचे. दर वेळी. अर्ध्या वेळा मेले.

आता चिनावलच्या शिवारात हिंडते,
पिशवीत लाल चिंध्या घेऊन.
पाच बाय पाच फुटांवर केळीची रोपं,
ओळीत ओळ, पार नाल्यापर्यंत.
पानावर पिवळा पट्टा दिसला की चिंधी बांधायची,
मागून माणसं येतात, रोप मुळासकट काढून पुरतात.
मावा उडत उडत शेजारी जातो
म्हणून मी भोवतीची आठ रोपं तपासते.
वर तीन, खाली तीन. सवय.
पण रोपावर आकडा नसतो.
पंधरा दिवस ते हिरवंगार दिसत राहतं
आणि आत काय शिजतंय ते कुणालाच सांगत नाही.

परवा दोन लाल चिंध्यांच्या मधे एक रोप होतं,
गुडघ्याएवढं, तुकतुकीत, एकही डाग नाही.
चिंधी हातात धरून मी उभी.
बांधावरून शेतमालकीण हिराबाई फिरके ओरडली,
"काय पाहते व एवढं?
उपटायचं तं उपट, नाही तं पुढी हो!"
मी वर डावीकडे पाहिलं.
तिथे नुसती सातपुड्याची निळी रेघ.